वेळेचं वाटप

चौथीतलं मूल वाचतंय की पाठ म्हणतंय हे ओळखायचं असेल, तर त्याच्या तोंडाकडे बघू नये, बोटाकडे बघावं. तोंड तिसऱ्या शब्दावर असतं आणि बोट ओळ संपवून खाली उतरलेलं असतं. मग आपण भलतंच पान उघडायचं आणि मधल्याच एखाद्या शब्दावर आपलं बोट टेकवायचं. मूल लगेच चित्राकडे बघतं. चित्रात विहीर असेल तर ‘विहीर’ म्हणतं. शब्द असतो ‘दुपार’.

माझी सगळी नोकरी मुंबई महापालिकेच्या मराठी शाळांमध्ये झाली. आधी अंधेरी पूर्वेला, मग बरीच वर्षं घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, आणि शेवटी मुलुंडला. असं बोट फिरवणारी मुलं मला तिन्ही ठिकाणी भेटली. त्यांना शाळेत ‘कच्ची’ म्हणतात, कागदावर ‘अप्रगत’. मला मात्र नेहमी वाटत आलं की नुसतं ऐकून अख्खं पुस्तक पाठ करणारं पोर मंद असूच शकत नाही. त्याची हुशारी वाचता येत नाही हे लपवण्यात खर्च होत असते. आणि ते लपून राहतं, कारण त्याच्या शेजारी बसून त्याचं वाचन ऐकायला कुणाकडे पाच मिनिटं नसतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पालिकेच्या मुलांना वस्तू कमी पडत असतील. तसं आता फारसं राहिलेलं नाही. दप्तर, वह्या, गणवेश, बूट, मोजे, रेनकोट, पाण्याची बाटली, कंपासपेटी अशा सत्तावीस शालोपयोगी वस्तू महापालिका फुकट देते. कधी उशिरा येतात, कधी बुटांचे नंबर चुकतात, पण येतात. दुपारी खिचडी असते. वाटपाच्या दिवशी सह्यांचे कागद, मोजणी, फोटो असा दिवसभर गोंधळ, आणि त्यात एक मूलसुद्धा सुटत नाही, कारण हिशेब द्यायचा असतो. बाईंच्या वेळेचा हिशेब मात्र कुणी मागत नाही. तो वेळ वर्गात ज्याला आधीच येतं त्याच्याकडे जातो. प्रश्न विचारला की पुढच्या बाकावरचे चार हात वर होतात, उत्तर बरोबर येतं, फळा पुढे सरकतो. साहेब तपासणीला आले की तेच चार हात. साहेब खूश, मुख्याध्यापक खूश, आपणही सुटलो. मागच्या तीन रांगांमधलं कुणी काही बोललेलं नसतं. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. चाळीस मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास असला की वेळ असाच उतारावरून वाहत जातो.

ही गोष्ट मला पहिल्यांदा दाखवली ती एका बालसखीने. १९९५ मध्ये मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था सुरू झाली. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी पालिकेबरोबर काम उभं केलं, आधी बालवाड्या, मग नव्वदीच्या शेवटाला बालसख्या. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली दहावी-बारावी झालेली मुलगी. मानधन महिन्याला पाचसातशे रुपये. तिने तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोनेक तास वर्गाबाहेर घेऊन बसायचं. खोली मिळाली तर खोली, नाहीतर व्हरांडा, नाहीतर जिना. शिक्षकखोलीत तिच्याबद्दल फार बरं बोललं जायचं नाही. डीएड नाही, काही नाही, ही काय शिकवणार, असा सूर. शिवाय ‘चला, वर्ग हलका झाला’ हेही होतंच.

आमच्याकडे आलेली मुलगी शिवणकाम करून यायची. सतरंजीवर अक्षरांची कार्डं पसरायची आणि एकेका मुलाला मांडीजवळ ओढून घेऊन ‘हं, वाच’ म्हणायची. मूल अडलं की सांगायची नाही, थांबायची. मी वर्गातून ते बघायची. तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त ज्ञान नव्हतं. पण प्रत्येक मुलाचं, फक्त त्याचं, दिवसातून दोनदा तरी कुणीतरी ऐकत होतं. आणि दिवाळीनंतर त्यातली बरीच मुलं शब्द वाचायला लागली होती.

पुढे याच बालसखी कार्यक्रमाचा मुंबई आणि वडोदऱ्यात अभ्यास झाला. तो करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगती झाली, आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला, हे त्यातलं सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातलं दुसरं जास्त झोंबलं. ती मुलं बाहेर गेल्यावर वर्गात जी उरली, ज्यांना आता कमी गर्दीत शिकायला मिळालं, त्यांच्यात काही विशेष फरक पडला नाही. म्हणजे नुसती पटसंख्या घटवून भागत नाही. वर्ग लहान झाला तरी बाई तेच पान त्याच चार हातांना शिकवत राहिल्या, तर वेळ काही आपोआप वाटला जात नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलं, ते चांगलंच केलं. पण मराठी माध्यमाच्या शाळांत पट घसरत घसरत वीस-बावीसवर आलेले वर्ग मी पाहिले आहेत, आणि तिथेही मागची रांग होतीच.

घाटकोपरच्या शाळेत आम्ही वाचनाचा एक तास ठरवला तो यातून. तिसरी, चौथी, पाचवीच्या मुलांची इयत्ता तासाभरापुरती विसरायची. ज्याला अक्षरं येत नाहीत तो अक्षरांच्या गटात, मग शब्दांचा, मग परिच्छेदाचा, मग गोष्टीचा. एकेक शिक्षक एकेका गटाला. मूल तयार झालं की पुढच्या गटात. सांगायला सोपं आहे. पहिलं भांडण झालं ते अक्षरांचा गट कोण घेणार यावरून. तो गट म्हणजे शिक्षा, नव्या शिक्षकाच्या किंवा कुणाचं ऐकून न घेणाऱ्याच्या गळ्यात मारायची वस्तू, अशी समजूत. आमच्या मुख्याध्यापिका वयाने मोठ्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी शाळेतल्या सर्वांत चांगल्या गुरुजींना बोलावलं. स्कॉलरशिपचे वर्ग घेणारे, ज्यांची मुलं दरवर्षी यादीत यायची ते. ‘गुरुजी, अक्षरगट तुमचा.’ गुरुजी आठवडाभर कुणाशी नीट बोलले नाहीत. नंतर तेच म्हणाले की स्कॉलरशिपच्या मुलांना शिकवायला अक्कल लागत नाही, ती आपली आपण शिकतात.

दुसरं भांडण पालकांचं. पाचवीतल्या एका मुलाचा बाप रिक्षा बाजूला लावून तरातरा वर आला. ‘मॅडम, माझा पोरगा तिसरीच्या पोरांत का बसतो? वस्तीत हसतात त्याला.’ त्याचं खरं होतं. मुलगा अंगाने दांडगा, मिसरूड फुटायला आलेली, आणि समोर ‘कमळ’ आणि ‘गवत’. त्याला ‘कमळ’ देणंच अपमान होता. मुलगा संध्याकाळी वडापावच्या गाडीवर काम करायचा आणि लोकलने कायम हिंडायचा. मी त्याला विचारलं, मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत स्टेशनं सांग. त्याने डोळे मिटून सांगितली, मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर. ती मी पट्ट्यांवर लिहिली आणि उलटसुलट करून समोर ठेवली. पहिल्या दिवशी ओळखता आली नाहीत. मग लांबी बघायला लागला, ‘सगळ्यात मोठं ते कांजूर’. मग भांडुपचा ‘भ’ सापडला. काही आठवड्यांनी त्याने ‘मार्ग’मधला रफार पकडला आणि फळ्यावरच्या ‘वर्ग’ या शब्दाकडे बघून म्हणाला, ‘बाई, ह्याच्यावर पण तसलाच आकडा हाय.’ रफार शिकवायला पुस्तकात एक आख्खा पाठ असतो. तो पाठ मी त्याला कधी शिकवला नाही. रिक्षावाल्या बापाला तो दुकानांच्या पाट्या वाचून दाखवायला लागल्यावर गटाबद्दलची तक्रार परत आली नाही.

पण सगळी मुलं त्या तासापर्यंत पोचतच नसत. डोंगरावर पाणी पहाटेनंतर थोडा वेळ येतं. आई पवईच्या टॉवरांमध्ये धुण्याभांड्याला साडेसहाला निघालेली. मग ड्रम भरायचे कुणी? थोरल्या मुलीने. पाणी भरून, धाकट्याला शेजारणीकडे टाकून ती डोंगर उतरायची तेव्हा सकाळच्या अधिवेशनाची प्रार्थना कधीच झालेली असायची. फाटक बंद. कधी हमाल दया दाखवून आत घ्यायचा, कधी परत पाठवायचा. आमच्या हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे लाल शेरे जास्त होते आणि शेरा होता ‘अनियमित’. मी पाण्याची वेळ विचारायला म्हणून वर वस्तीत गेले. तेव्हा कळलं की अनियमित असं काही नव्हतंच. नळ जितका नियमित, तितकीच मुलगी.

आणि आमचा पहिला तास कुठला? भाषेचा. सकाळी डोकं ताजं असतं म्हणून भाषा पहिल्या तासाला, हे वर्षानुवर्षांचं वेळापत्रक. म्हणजे ज्या मुलींना घरी वाचायला मिळत नाही, त्यांचाच रोज भाषेचा तास बुडायचा. आम्ही तो उचलून मधल्या सुट्टीनंतर टाकला आणि पहिल्या तासाला चित्रकला, कवायत, गाणी ठेवली. फाटक अर्धा तास उघडं ठेवायचं ठरलं. याला पैसा लागला नाही, मंजुरी मात्र लागली. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी विचारलं, शिस्तीचं काय? मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘साहेब, नळाला शिस्त लावा, मी मुलींना लावते.’ वेळापत्रक टिकलं. त्यांच्या निवृत्तीनंतर ते पुन्हा पहिल्यासारखं झालं, हेही सांगायला हवं. पालिकेच्या शाळेत चांगली गोष्ट बहुतेक वेळा एका माणसाबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच जाते.

वेळ खाणाऱ्या गोष्टींची यादी करायला बसले तर वेगळा लेख होईल. मतदार याद्या, बीएलओचं म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं काम, २०११ ची जनगणना, त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्यभर झालेली पटपडताळणी, ज्यात मुलांच्या बोटांना शाई लावली गेली, ऑनलाइन माहिती, आधार, कुठल्यातरी ‘दिना’चे फोटो दुपारी दोनच्या आत. शिक्षण हक्क कायद्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलेलं आहे, आणि या तीन अपवादांच्या दारातून बाकीचं सगळं आत येतं. अर्थात आमच्यातल्या काहींना इलेक्शन ड्युटी आवडायची हेही खरं. यादी घेऊन फिरताना कुणी विचारत नाही की तुमच्या वर्गातल्या किती जणांना वाचता येतं.

आणखी एक गोष्ट आवडती होती, ती म्हणजे कुलूप. शाळेत गोष्टींची पुस्तकं यायची, छान, रंगीत. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद व्हायची आणि कपाटात जायची. फाटलं, हरवलं तर भरून कोण देणार? त्यामुळे दहा वर्षांनी ऑडिटला पुस्तकं नव्यासारखी निघायची. मुलुंडला आम्ही वर्गात दोरी बांधून पुस्तकं वाळत घातल्यासारखी टांगली. पहिल्या वर्षी काही फाटली, काही घरी गेली ती आलीच नाहीत. मी रजिस्टरमध्ये ‘वापरामुळे जीर्ण’ लिहीत गेले. माझ्या नोकरीतला तो सर्वांत समाधानाचा शेरा.

सुरुवातीला सांगितलेल्या पाठ म्हणण्यावरून एक आठवतं. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती, दोन्ही एकाच दिवशी, त्यामुळे शाळेत भाषणं. आमची घाटकोपरची मुलं अण्णा भाऊंवर बोलायला उत्सुक असत, कारण ते घाटकोपरच्याच चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहत होते. प्रत्येक भाषणात एक वाक्य हमखास, ते फक्त दीड दिवस शाळेत गेले. टाळ्या. एका वर्षी हे वाक्य सर्वांत खणखणीत म्हणणारा मुलगा सातवीत होता आणि भाषण त्याला मोठ्या बहिणीने ऐकवून ऐकवून पाठ करून घेतलं होतं, कारण त्याला कागद वाचता येत नव्हता. अण्णा भाऊ शाळेबाहेर राहूनही वाचायला शिकले आणि ‘फकिरा’ ही कादंबरी लिहिली. हा सात वर्षं शाळेत होता. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षिसात वही होती.

मे महिन्यात आम्ही पट शोधायला वस्त्यांमध्ये फिरायचो. दारोदार जाऊन मुलं मागायची, नाहीतर तुकडी बंद आणि शिक्षक अतिरिक्त. दरवर्षी दारं जास्त बंद होत गेली. पत्र्याच्या शेडमधल्या का असेना, इंग्लिश शाळेत लोक फी भरून मुलं घालत होते. मराठीचं काय होणार म्हणून सभांमधून गळा काढणाऱ्यांबरोबर मी फार वेळ बसू शकत नाही. धुणीभांडी करणारी बाई ज्या घरात काम करते तिथली मुलं इंग्रजीत शिकतात, हे ती रोज बघते. शिवाय आमच्यातल्या बहुतेकांची मुलं खासगी शाळेत होती. माझीसुद्धा. दारात उभं राहून मी कुठल्या तोंडाने सांगणार? २०२० च्या सुमारास पालिकेने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ नाव लावलं, जोगेश्वरीच्या पूनमनगरसारख्या ठिकाणी सीबीएसई शाळा काढल्या, तेव्हा अर्ज इतके आले की प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. पालिकेची शाळा नको असं लोकांचं कधीच म्हणणं नव्हतं, हे त्या रांगांनी दाखवलं. फक्त सोडतीत नाव लागलेलं मूल आणि त्याच आवारात पलीकडच्या मजल्यावर उरलेलं मूल, यांच्यात आता एक नवा फरक तयार झाला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरून येणाऱ्या, घरी वारली बोलणाऱ्या मुलांना शिकवलेली माझी एक मैत्रीण म्हणते, आमच्याकडे कुठलंही माध्यम आणा, मुलांसाठी ते परकंच. मुलाला काही समजलं की नाही हे थांबून बघणारं माणूस आहे का, एवढाच तिचा प्रश्न असतो.

कोरोनाने हे सगळं उघडं पाडलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. घरात एक मोबाइल, तो बापाबरोबर डिलिव्हरीला किंवा बांधकामावर. रात्री नऊला रिचार्ज असला तर अभ्यास. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ ला उघडले, जानेवारीत पुन्हा मिटले, २४ तारखेला परत उघडले. तेव्हा माझ्यासमोर तिसरीचा वर्ग होता. त्यांनी पहिली पूर्ण केली नव्हती आणि दुसरी पाहिलीच नव्हती. पहिल्या आठवड्यात मी पुस्तक काढलंच नाही. पेन्सिल धरणं, रांगेत बसणं, एकमेकांना न ढकलणं. काही मुलं बोलायचीच नाहीत. वरून अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या सूचना येत होत्या. त्याच्या आधीच्या जुलैत केंद्राचं ‘निपुण भारत’ सुरू झालं होतं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे त्याचं ध्येय. ध्येय योग्यच आहे. माझ्या वर्गासाठी त्याचा अर्थ एवढाच होता की तासाचे दोन तुकडे करायचे, आणि मोठा तुकडा ज्यांना काहीच येत नाही त्यांना द्यायचा. पुढच्या बाकावरच्या मुलांचे पालक कुरकुरले. ती मुलं मी जोडीदार म्हणून मागे बसवली. शिकवता शिकवता त्यांचंही वाचन सुधारलं, पण सुधारलं नसतं तरी मी हेच केलं असतं. समता म्हणजे सगळ्यांना सारखी मिनिटं देणं, हे मला कधीच पटलं नाही.

निवृत्तीनंतर ओळखीचे लोक जूनमध्ये फोन करतात, तुमच्या शाळेला काय देऊ? वह्या देऊ का, पंखा देऊ का? देऊ नका. देणाऱ्या हौशी माणसांचा अजून एक प्रकार असतो, ते मोठ्या कॅमेऱ्यासह एकदा येतात, चॉकलेटं वाटतात आणि जातात. तेही नको. तुमच्या घराजवळ पालिकेची शाळा आहे, अंधेरीला आहे, बोरिवलीला आहे, मुलुंडला स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या मुख्याध्यापकांना भेटा, रीतसर अर्ज द्या, आणि आठवड्यातले दोन दिवस एकेक तास मागा, पण वर्षभरासाठी. शिकवू नका. मुलाशेजारी बसा आणि त्याला वाचू द्या. आणि ज्यांची मुलं पालिकेच्या शाळेत आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. सभेत बुटांचे नंबर, रेनकोट, खिचडी यावर बोलणं होतं, ते व्हायलाच हवं. त्यानंतर एकीने उठून विचारावं, चौथीतल्या किती मुलांना न अडखळता गोष्ट वाचता येते, आणि ज्यांना येत नाही त्यांच्याबरोबर रोज कोण बसतं? उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा, आणि पुढच्या महिन्यात तेच पुन्हा विचारा.